चौथा खिळा

मी फळा बोलतोय. सुरुवातीलाच माफी मागतो. माझं शुद्धलेखन चुकेल, शब्दही साधेच येतील. मी शाळेत होतो खरा, पण पहिली-दुसरीच्या वर्गात, आणि तिथूनही मला लवकर काढलं. मुळाक्षरं येतात, शंभरापर्यंतची बेरीज येते. बाकीचं सगळं मी कारखान्यात शिकलो, आणि ते शिकलो नसतो तर बरं झालं असतं.

शिवाय मला बोलायची सवय नाही. तुम्ही म्हणाल, फळ्याला कसला संकोच, जन्मभर तर लोकांसमोर उभा. पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. माझ्यावर आज कोणाचं नाव लागलंय, ते बघत होते.

आत्ता मी एका पिंपात आहे. सगळा नाही, निम्मा. थिमीकाकाच्या तळघरात आंबवलेल्या कोबीचं पिंप आहे, त्याचं मी झाकण. माझ्या पाठीवर नदीतला मोठा गोटा, पोटाखाली खारं पाणी. हिवाळ्यात थिमीकाका आठवड्यातून दोनदा येतो, गोटा बाजूला करतो, कोबीचा गड्डा काढतो आणि मला विचारतो, "काय रे, आंबलास का?" मग स्वतःच हसतो. हा तिसरा हिवाळा. विनोद तोच आहे.

माझा दुसरा अर्धा भाग चुलीत गेला. तो चांगल्या लाकडाचा होता.

कोर्चा शहराच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावात सुतारानं मला केलं. शाळेसाठी फळा हवा होता आणि एवढी रुंद फळी मिळत नव्हती, म्हणून त्यानं दोन जोडल्या. एक अक्रोडाची, दुसरी पॉप्लरची. अक्रोड कडक, पॉप्लर मऊ. अक्रोडाची फळी कुठून आली ते त्यानं सांगितलं नाही. तिच्यावर मेणाचे डाग होते आणि रंधा मारल्यावरही धुपाचा वास जात नव्हता. त्या वर्षी सगळ्या चर्चना कुलपं लागली होती आणि गावात लाकूड अचानक मुबलक झालं होतं. कोणी विचारलं नाही. मला काळा रंग दिला की सगळं एकसारखंच दिसणार होतं.

कोज्मा मास्तरांनी मला भिंतीला टांगलं. ते कडक होते, पण त्यांच्या हातात नेहमी ओलं फडकं असायचं. पोरं चुकीचं लिहायची, उलटं लिहायची, एकदा एकानं मास्तरांचंच चित्र काढलं, नाकासकट. मास्तरांनी ते बराच वेळ पाहिलं. "नाक बरोबर आलंय," म्हणाले, आणि पुसलं. चार वर्षं मी हेच पाहिलं. चूक लिहायची, चूक पुसायची, पुन्हा लिहायचं. मला वाटलं जग असंच चालतं.

मग शाळेला शहरातून नवा लांब फळा आला आणि मला खेचराच्या गाडीवर घालून गालिच्यांच्या कारखान्यात पाठवलं.

तिथे खडू नव्हता. फडकंही नव्हतं. फाटकाच्या आत, पहारेकऱ्याच्या खोलीला लागून, पागोळीखालच्या खांबाला मला उभं केलं. वर लाल रंगात 'जनतेचा आवाज' असं लिहिलं. मग थिमीकाका आला. तो भट्टी पेटवायचा, फाटक उघडायचा आणि हातोडीही त्याच्याकडेच असायची. त्यानं माझ्यावर बोटं फिरवली, जोड ओळखला आणि म्हणाला, "ही बाजू मऊ आहे. इथेच ठोकत जाऊ." पॉप्लरच्या बाजूला पहिला खिळा गेला. तो मला अजून आठवतो. पुढचे मोजले नाहीत, शंभराच्या पुढे मला येतही नाही.

खिळ्याखाली कागद असायचा. लोक त्याला विजेचा कागद म्हणायचे, कारण तो कोणावरही अचानक पडायचा. कोणीही लिहावा, कोणावरही लिहावा. ज्याच्यावर लिहिला त्यानं तीन दिवसांत खाली उत्तर लावायचं. उत्तर म्हणजे काय, तर हो, मी तसाच आहे, यापुढे नाही वागणार. दुसऱ्या प्रकारचं उत्तर मी पाहिलं नाही.

काय काय लिहायचे, सांगतो. एकाची विजार घोट्यापाशी रुंद आहे. एकीनं गळपट्ट्याला लेस लावली आहे. रंगशाळेतला अमुक गिटारवर भलत्याच देशाची धून वाजवतो. एक कागद एवढाच होता: 'कॉम्रेड मारिका दुपारी एकटी जेवते. का?' मारिकानं दुसऱ्याच दिवशी उत्तर लावलं आणि त्यानंतर ती रोज अंगणात आठ जणींच्या मधे बसून जेवायची. मी समोरच होतो. घास तिच्या घशाखाली उतरायचा नाही.

तुम्हाला वाटेल हे कागद वर बसलेले साहेब लिहीत असतील. नाही. शेजारचेच लिहायचे. सकाळी ज्याच्या हातची कॉफी प्यायची, दुपारी त्याच्यावर. मला माणसांचा राग आला तो इथे. आणि खरं बोलायचं तर स्वतःचाही. मी खिळे धरत होतो म्हणून कागद टिकत होते. वाऱ्यात, बर्फात, एकही कागद मी पडू दिला नाही. त्याबद्दल माझं कौतुक व्हायचं. "हा फळा दणकट," वासिलिका म्हणायची.

वासिलिका कारखान्यातल्या पक्षाची सचिव. बुटकी, ठणठणीत बाई, कोटाच्या खिशात कायम शिक्का. तिच्या शिक्क्याशिवाय माझ्यावर काही लागत नसे.

आता ओलिंबीचं सांगतो. हे सगळं तिच्यासाठीच सांगतोय.

ओलिंबी सात नंबरच्या मागावर बसायची. एका मागावर दोघी बसतात, खांद्याला खांदा लावून, एकीचा हात डावीकडून येतो, दुसरीचा उजवीकडून, आणि गाठी मधे भेटतात. तिच्या शेजारी जानेता. नऊ वर्षं दोघींनी एकच गालिचा विणला असं म्हणायला हरकत नाही.

ओलिंबीचा नवरा लवकर गेला होता. घरात ती आणि मुलगी तेउता. तिच्या गल्लीत तिची ख्याती वेगळीच होती. कोणाच्या घरी माणूस गेलं की आधी निरोप ओलिंबीला. तिच्यासारखा विलाप कोणाला जमत नसे. गेलेला माणूस कसा चालायचा, सुरी कुठे ठेवायचा, कोणत्या गोष्टीवर हसायचा, सगळं ती त्या विलापात आणायची, आणि घरातल्यांना वाटायचं, हो, हाच आमचा माणूस, दुसरा कोणी नाही. हे सगळं जुनाट म्हणून बंद करायला सांगितलं होतं. पण मेलेल्या माणसाच्या घरी सचिवसुद्धा खिडकी लावून घ्यायच्या आणि ओलिंबीला बोलवायच्या. वासिलिकाच्या आईच्या वेळी ती गेली होती.

तिचा धाकटा भाऊ पांदी. लॉरी चालवायचा. एका ऑक्टोबरात तो डोंगर ओलांडून सीमेपलीकडे जायला निघाला आणि पोचला नाही. दोन माणसं तिच्या घरी आली आणि म्हणाली, "तुझा भाऊ परत येणार नाही. विचारत बसू नकोस." प्रेत नाही, कबर नाही, तारीखसुद्धा नाही. पळून जाताना मेलेल्याला मेला असं म्हणायचं नव्हतं. तो नव्हताच.

ओलिंबीनं काही विचारलं नाही. ती रडलीही नाही. दुसऱ्या दिवशी डोक्याला काळा रुमाल बांधून कामावर आली.

आमच्याकडे बाई काळा रुमाल बांधते तेव्हा तिला कोणीतरी विचारतं, कोण गेलं? आणि ती सांगते. तो रुमाल म्हणजे अर्धं वाक्य असतं. ओलिंबीला कोणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना माहीत होतं.

पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी जानेता फाटकातून येताना चार जणींना ऐकू जाईल असं म्हणाली, "किनारीची काळी लोकर कमी का पडते ते आता कळलं. ती आमच्या मागावरून ओलिंबीच्या डोक्यावर गेली."

त्यातल्या दोघी हसल्या. ओलिंबी तिच्या बाजूनं निघून गेली. त्याच दुपारी थिमीकाकानं माझ्यावर कागद ठोकला. 'कॉम्रेड ओलिंबी कोणासाठी काळं घालते? आपल्या आनंदी देशात तिला कसलं दुःख आहे? तिनं सर्वांसमोर सांगावं.' खाली जानेताची सही. अक्षर चांगलं होतं. तीही डोंगरातल्याच शाळेत शिकलेली. कदाचित माझ्यावरच शिकली असेल. मी त्याचा फार विचार करत नाही.

ओलिंबी दोन दिवस तसाच रुमाल बांधून आली. तिसऱ्या दिवशी वासिलिकानं तिला पहारेकऱ्याच्या खोलीत बोलवलं. खिडकी माझ्या अगदी शेजारी, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तेउता आठवी पास होते आहे ना?" वासिलिकानं विचारलं.

"होय."

"पुढे काय करायचंय तिला?"

"नर्सिंगच्या शाळेत जायचं म्हणते."

"हुशार आहे मुलगी. तिचं नाव यादीत घालायचं की नाही हे मोहल्ल्याची समिती ठरवते, आणि समिती मला विचारते. बस ना, उभी का?"

ओलिंबी बसली असावी. खुर्ची वाजली.

"तो रुमाल काढ. चार ओळी लिहून दे. माझ्या आईसाठी तू आलीस, ते मी विसरले नाही. म्हणून आधी मी सांगते आहे, नाहीतर दुसरा कोणी सांगेल."

बराच वेळ फक्त टाकाचा आवाज आला. मग वासिलिका वाचून म्हणाली, "हे नको. 'भावासाठी काळं घालणार नाही.' भाऊ कुठून आला? फळ्यावर तो शब्द चढला तर मी काय उत्तर देऊ? असा कोणी माणूसच नाही."

"मग काय लिहू?"

"'कोणासाठीही' लिही. 'कोणासाठीही काळं घालणार नाही.' हे बरं. आणि पुढे लिही, 'कोणासाठीही विलाप करणार नाही.' हां. यात कोणाचं नाव नाही."

ओलिंबीनं लिहिलं. शिक्का बसला. थिमीकाकानं तो कागद अक्रोडाच्या बाजूला ठोकला, कारण वासिलिका म्हणाली, "हा काढायचा नाही. आदर्श उत्तर आहे. बाकीच्यांनी बघून शिकावं." कडक लाकडात खिळे वाकले, पण शेवटी गेले.

दुसऱ्या दिवशी अंगणात सभा झाली. वासिलिकानं ओलिंबीच्या डोक्यावरचा काळा रुमाल स्वतः सोडला आणि कारखान्याकडून मिळालेला एक नवा रुमाल स्वतःच्या हातानं बांधला. पांढरा, पिवळ्या फुलांचा. टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात जानेताच्या. ओलिंबीनं काळ्या रुमालाची घडी केली आणि झग्याच्या आत ठेवली. तिचा चेहरा मला समोरून दिसत होता. मी शाळेत पोरांना मार खाताना पाहिलंय. हे तसं नव्हतं. मार खाऊन पोरं रडायची.

त्यानंतर ती रोज फुलांचा रुमाल बांधून आली. जानेताशेजारी बसली, गाठी मारल्या. उन्हाळ्यात यादी लागली. तीही माझ्यावरच लागली. तेउताचं नाव त्यात नव्हतं. तिला मैदानी मुलखातल्या शेतीसंघात बीट उपटायला पाठवलं.

ओलिंबी यादीसमोर उभी राहिली. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. वासिलिका शेजारून जाताना म्हणाली, "मी सांगितलं होतं त्यांना, पण वरून आलं. पुढच्या वर्षी बघू."

ओलिंबी म्हणाली, "बघू."

एवढंच. पण त्या दिवशी ती जाताना माझ्यापाशी थांबली, स्वतःचा कागद सावकाश वाचला आणि एक कोपरा वाऱ्यानं उलटला होता तो अंगठ्यानं सरळ केला. मला वाटलं, फाडेल. तिनं नीट केला. त्याचा अर्थ मला पुढच्या एप्रिलपर्यंत कळला नाही.

एप्रिलात देशातला सगळ्यात थोर माणूस वारला. सकाळी विणकामाच्या दालनातल्या रेडिओवर आधी संगीत लागलं, मग बातमी. सगळे माग एकदम थांबले. काही बायका खरंच रडल्या. काही इकडेतिकडे बघून रडल्या. भांडारातून काळं कापड आलं आणि प्रत्येकीला रुमालाएवढा तुकडा मिळाला. उद्या दहा वाजता अंगणात शोकसभा, जिल्ह्याहून पाहुणे येणार, काळ्याशिवाय कोणी यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी अंगण काळं झालं. वासिलिका स्वतः काळ्यात, डोळे सुजलेले. फाटकातून ओलिंबी आली. पांढरा रुमाल, पिवळी फुलं. धुऊन इस्त्री केलेला.

वासिलिका तिला हाताला धरून माझ्याआड घेऊन आली. "डोक्यावर काय आहे ते?"

"तुम्हीच बांधलाय, कॉम्रेड."

"आज? आजच्या दिवशी?"

"काळं घालायला मला मनाई आहे." ओलिंबीनं माझ्याकडे बोट केलं. "सही माझी आहे, शिक्का तुमचा. दीड वर्ष झालं, पाऊस लागला तरी शाई हलली नाही."

भट्टीच्या दारात थिमीकाका कोळशाच्या घमेल्यात वाकून खोकायला लागला. तो खोकला नव्हता.

"तो कागद त्यासाठी नव्हता," वासिलिका म्हणाली.

"कोणासाठी होता मग?"

पांदीचं नाव घेतलं तर असा माणूस होता हे कबूल झालं असतं. दीड वर्षापूर्वी वासिलिकानंच ते दार लावून घेतलं होतं.

मग तिनं आवाज उतरवला. "ओलिंबी, ऐक. जिल्ह्याचे लोक आलेत. इतर कारखान्यांत बायकांनी विलाप केला, त्यांना तो आवडला, आज जुनाट-बिनाट कोणी म्हणत नाही. आमच्याकडे तुझ्याशिवाय कोणाला येतो? काळा बांध आणि उभी राहा. मनात ज्याला रडायचंय त्याला रड. मी तुला अडवत नाही. तोंडात फक्त त्यांचं नाव ठेव. कोणाला कळणार आहे?"

हे ऐकून मला वाटलं, ती करेल. मी असतो तर केलं असतं. दीड वर्षाचं रडू साठलंय, आणि आज परवानगी आहे, शिक्क्याची.

"माझ्या भावाचं रडू मी दुसऱ्याच्या नावावर घालणार नाही," ओलिंबी म्हणाली.

"तेउताला या वर्षी नक्की घालते यादीत. लिहून देते."

"लिहून दिलेलं माझ्यापाशी आहे एक."

"अगं, मुलीचा तरी विचार कर."

"केला. काल ती घरी आली होती, विचारलं तिला. ती म्हणाली, आई, मामासाठी रड, नाहीतर गप्प राहा. बीट मी उपटीन."

"मलाही दोन मुलं आहेत, ओलिंबी," वासिलिका म्हणाली. ते खरं होतं. म्हणूनच मला तिचा जास्त राग आला.

शोकसभेत शेवटी जानेताला पुढे ढकललं. तिनं दोन्ही हात छातीवर मारले आणि सुरू केलं, "गेलास रे, आम्हाला सोडून गेलास, आता आमचं चौरस मीटरचं उद्दिष्ट कोण ठरवणार रे." आणि पुढे तिला सुचेना. पुन्हा तेच चौरस मीटर. जिल्ह्याचे पाहुणे बुटांकडे बघत होते. मागच्या रांगेत ओलिंबी ताठ उभी, ओठ मिटलेले. एवढ्या काळ्यात तो एक रुमाल न दिसणं कोणालाच जमलं नाही. ज्याच्या घरी कधीकाळी ओलिंबी विलापाला गेली होती, त्या प्रत्येकाला कळत होतं की इथे काय कमी आहे.

दुपारीच नवा कागद लिहिला गेला. 'जनतेच्या दुःखाची शत्रू.' खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या, एक्केचाळीस. मी मोजल्या, शंभराच्या आत होत्या. जानेताची पहिली. मारिकाची सतरावी, तीच ती एकटी जेवणारी. थिमीकाकाचीही होती. पिंपावर येऊन तो विनोद करतो तेव्हा मी त्याला त्या सहीची आठवण करून देऊ शकत नाही, पण मी विसरलेलो नाही.

ओलिंबीचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण शेवट मला दुसऱ्या गोष्टीनं करायचाय. तिला आणि तेउताला मैदानी मुलखापलीकडच्या एका गावात पाठवलं, जिथून बाहेर पडायला चौकीची परवानगी लागते. बिटाऐवजी कापूस, एवढाच फरक. नर्सिंगची शाळा तेउतानं पाहिली नाही. वासिलिकाचा शिक्का काढून घेतला आणि तिला सात नंबरच्या मागावर बसवलं, जानेताच्या शेजारी. दोघींच्या गाठी मधे भेटतात. एकमेकींशी बोलत नाहीत असं थिमीकाका म्हणतो. एक दिवस दोघींपैकी एक दुसरीवर कागद लिहील. कोण आधी, एवढंच बघायचं.

मला कोणी दयाळू म्हणू नये. चौदा वर्षं मी खिळे धरले. मला एकच मागायचंय. हे झाकण कधी झिजलं तर जाळा. पुन्हा कुठे टांगू नका. तुमच्या घरातही भिंत असेल, हातोडी असेल, शेजारी असेल. लाकूड तेवढं माझं नको.

तर, शोकसभेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. बारीक पाऊस होता. सगळे अंगणात उभे, कामाची घंटा व्हायच्या आधी. ओलिंबी एकटी पुढे, त्याच रुमालात. वासिलिकानं आधी तिचा जुना कागद माझ्यावरून फाडायला लावला. मग थिमीकाकानं नवा कागद पॉप्लरच्या बाजूला धरला, तोंडातून एक खिळा काढला आणि ठोकला.

खिळा आत गेला आणि तसाच बाहेर आला. चिखलात पडला.

"दुसरा घे," वासिलिका म्हणाली.

दुसराही पडला. थिमीकाकानं माझ्यावर हात फिरवला. "भोकंच भोकं झालीत कॉम्रेड, लाकूड उरलंय कुठे?"

"जोरानं मार."

त्यानं तिसरा खिळा जोडाजवळ धरला आणि जोरानं मारला. सुताराचा सरस त्या क्षणी सुटला. अक्रोड खांबाला लटकत राहिला आणि मी, मऊ अर्धा, कागदासकट खाली आलो. उताणा पडलो, म्हणून सगळं दिसलं. कागदावर एक्केचाळीस सह्या होत्या, शाई ओघळायला लागली.

कोणी हललं नाही. फळा नाही म्हणजे कागद लागला नाही, आणि कागद लागला नाही तोवर पुढे काय करायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेवढ्यात ओलिंबीनं फुलांचा रुमाल सोडला, घडी केली आणि वासिलिकाच्या हातात दिला. झग्यातून काळा काढला आणि बांधला.

"पांदी रे," ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. मग झाला. "पांदी रे, माझ्या आईच्या शेवटच्या पोरा. बूट तुझे मी तेल लावून ठेवलेत, डाव्याची टाच तू नेहमी आधी झिजवायचास. लॉरीचा भोंगा तू दोनदा वाजवायचास, एकदा आईसाठी, एकदा माझ्यासाठी, आई गेली तरी दोनदाच वाजवायचास. कोणत्या दगडापाशी पडलास ते मला सांगत नाहीत रे. बर्फ होता का, तहान लागली होती का, कोणी तुझे डोळे मिटले का." एक्केचाळीस सह्यांची माणसं समोर उभी होती आणि पांदी कसा चालायचा हे प्रत्येकाला दिसत होतं. मारिकाची मान खाली गेली. जानेतानं तोंडावर हात ठेवला.

"ठोक," वासिलिका ओरडली. "खाली पडलाय तसाच ठोक. कागद लागला पाहिजे."

थिमीकाका चिखलात गुडघ्यावर बसला. ओला कागद त्यानं माझ्यावर पसरला, शेवटचा खिळा तोंडातून काढला आणि माझ्या छातीवर उभा धरला. हातोडी वर गेली. वर ओलिंबीचा आवाज चालूच होता, ती भावाच्या लग्नाबद्दल सांगत होती, जे झालं नाही.

हातोडी खाली आली. चौथा खिळाही मी धरला नाही.